छाटलेली मिरची पावसाळ्यात का मरते, आणि जगली तर पालवी का गोळा होते

जुलै निम्मा सरला की दरवर्षी त्याच दोन तक्रारी कानावर येतात. पहिली, "मिरची पुढच्या वर्षीही राहावी म्हणून छाटून आत घेतली, आठ-दहा दिवस बरी होती, आता खोडच काळं पडायला लागलंय." दुसरी, "पालवी छान फुटली होती हो ताई, पण सगळी पानं गोळा झाली." झाड कोल्हापुरात शाहूपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत असो नाहीतर मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या सोप्यात, तक्रार तीच. मग लोक ठरवून टाकतात की मिरची एका वर्षाचंच झाड आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात नवं रोप आणतात.

मिरची एका वर्षाची नाही. शेतात आपण ती एका हंगामापुरती लावतो, कारण तोडे कमी झाल्यावर रान दुसऱ्या पिकाला मोकळं करायचं असतं. जिथं बर्फ पडत नाही, दव गोठत नाही, तिथं हे झाड तीन-चार वर्षं सहज जगतं. जुन्या घरांच्या परड्यात लवंगीचं झुडूप वर्षानुवर्षं उभं असलेलं अनेकांनी पाहिलं असेल. तेव्हा झाड जगवता येतं, यात शंका ठेवू नका. चुकतं ते वेळापत्रक.

छाटून आत घ्यायचं हे वेळापत्रक आलं थंड देशांतून. तिकडं ऑक्टोबरमध्ये पहिलं दव गोठायच्या आधी मिरची आखूड छाटतात, कुंडी घरात आणतात, चार-पाच महिने जेमतेम पाणी देऊन झोपवल्यागत ठेवतात आणि उन्हाळा लागला की बाहेर काढतात. त्यांच्यासाठी ते अगदी बरोबर आहे, कारण शून्याखाली पारा गेला की मिरचीच्या पेशींतलं पाणी गोठतं आणि झाड एका रात्रीत काळं पडतं. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो. तेवढ्या गारव्यात मिरचीची वाढ मंदावते, फुलं थोडी गळतात, बाकी काही होत नाही. उलट दिवसा कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन असतं. आपल्याकडं मिरचीला सर्वात चांगले दिवस दसऱ्यापासून माघापर्यंतचे, आणि तेव्हाच झाड छाटून आत कोंडायचं म्हणजे भरलेलं ताट मागं सारण्यासारखं आहे.

कोल्हापुरात मिरचीवर संकट येतं ते आषाढ-श्रावणात. तरणा पाऊस (पुनर्वसू नक्षत्रातला) लागला, त्यामागून म्हातारा (पुष्यातला) लागला की तीन-चार आठवडे ऊन नीट दिसत नाही, हवा ओलीचिंब असते आणि कुंडीतली माती वाळायचं नाव घेत नाही. झाड आत घ्यायचं ते या दिवसांत. आणि छाटायचं ते त्याच्याही आधी, मृग लागायच्या अगोदर.

छाटणी मेअखेरीस का, ते सांगते. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ अंशांवर गेला की मिरचीची फुलं तशीही गळतात, फळ धरत नाही. म्हणजे त्या वेळी फांद्या कापल्यानं तुमच्या मिरच्या बुडत नाहीत. हवा कोरडी असल्यानं कापलेली जखम दोन-तीन दिवसांत सुकते. आणि वळवाच्या एक-दोन सरी येऊन गेलेल्या असल्या तर त्या उबेत डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, लवकर फुटतात. हीच छाटणी जुलैत केली तर जखम ओलीच राहते, तिच्यातून बुरशी आत शिरते आणि फांदी टोकाकडून खाली वाळत येते. शेतकरी ज्याला फांद्या वाळणे म्हणतात, तोच रोग. मिरच्यांवर गोल काळपट खोलगट डाग पडून त्या सडतात, तेही त्याच बुरशीचं काम.

कापायचं कुठं? मिरचीचं खोड जमिनीपासून सरळ वर येतं आणि मग पहिल्यांदा दोन किंवा तीन फांद्यांत फुटतं. त्या फाट्याच्या वर प्रत्येक फांदीचे दोन-तीन डोळे राहतील इतकं ठेवून बाकीचं काढा. डोळ्याच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून तिरका काप द्या. सगळी पानं ओरबाडू नका, तळाकडची चार-सहा निरोगी पानं असू द्यात. अशक्त झाड एकदम बोडकं करण्यापेक्षा निम्म्या फांद्या आज आणि निम्म्या दहा दिवसांनी कापल्या तर ते धक्का सोसतं. उरलेल्या कळ्या, फुलं, बारक्या मिरच्या खुडून टाका. परदेशातले लोक याच वेळी मुळांचाही गड्डा कापून लहान कुंडीत बसवतात. आपल्याकडं पावसाच्या तोंडावर मुळांना जखमा करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मुळांचं काम गणपतीनंतर करावं.

कात्री स्पिरिटनं पुसून घ्या, प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसा. आणि एक गोष्ट आपल्या भागात आवर्जून सांगावी लागते, कारण निपाणी हाकेच्या अंतरावर आहे आणि खिशात पुडी असणारी माणसं घरोघरी आहेत: तंबाखू मळलेल्या हातानं मिरचीच्या झाडाला शिवू नका. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातली. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही तग धरतो आणि बोटांवरून मिरचीच्या ताज्या जखमेत जातो. साबणानं हात स्वच्छ धुवा, मग कात्री धरा. भूत जोलोकिया किंवा हबानेरोसारखी जहाल तिखट जात असेल तर हातमोजे घाला. त्या मिरच्यांचा रस हाताला लागला तर नुसत्या पाण्यानं जात नाही, आधी तेल चोळून मग साबण लावावा लागतो.

आता तक्रारींकडे येऊ.

छाटल्यावर पालवीच नाही, खोड काळं पडतंय

सर्वात जास्त झाडं याच प्रकारात जातात, आणि त्यांतली बहुतेक जास्त पाण्यानं जातात. झाड मातीतलं पाणी ओढतं ते मुख्यतः पानांवाटे हवेत सोडण्यासाठी. पानं काढली की ही ओढ जवळपास थांबते. आपण मात्र सवयीनं रोज तांब्याभर पाणी घालत राहतो. वर हवा दमट. माती कुजकट होते, मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून लगदा होतात. वरून झाड मलूल दिसतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

आधी झाड जिवंत आहे का ते पाहा. खोडाच्या टोकाकडची साल नखानं जराशी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर तिथपर्यंत जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर बोटभर खाली पुन्हा खरवडा. हिरवं लागेल तिथंच नवा काप द्यायचा. अगदी बुडापर्यंत तपकिरी असेल, किंवा मातीच्या पातळीवर खोडाला काळपट, आत दबलेलं कडं दिसत असेल, तर ते झाड गेलं.

खोड हिरवं आहे पण तीन आठवडे होऊनही डोळा फुगत नाही, असं असेल तर मातीचा वास घ्या. कुबट, गटारीसारखा वास आला की थांबू नका. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट आणि चिवट असतात. काळी, ओढल्यावर साल सुटून येणारी मुळं कापून टाका. जुनी माती हलक्या हातानं झाडा आणि कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात झाड पुन्हा लावा. पावसाच्या तोंडावर मुळं कापू नयेत हे वर म्हटलंय खरं, पण कुजलेलं मूळ ठेवून उपयोग नसतो. लावल्यावर एकदाच थोडं पाणी, मग वरची दोन पेरं माती कोरडी लागेपर्यंत काही नाही.

मिश्रणाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण खरं मूळ तिथं आहे. आपल्याकडं कुंडी भरायची म्हणजे ओळखीच्या कुणाच्या तरी उसाच्या रानातली काळी माती पोत्यातून आणायची, हा रिवाज आहे. ती माती रानात सोनं असेल, कुंडीत ती चिखल होते आणि वाळल्यावर भेगाळते. मिरचीला पाणी धरून बसणारी माती सोसत नाही. एक भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग पोकळी ठेवणारं काहीतरी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सगळीकडं मिळतं, पण पावसाळ्यात तेही पाणी धरून ठेवतं. मला भाताचं तूस जास्त आवडतं. आजरा, चंदगड, राधानगरी भागात भाताची गिरण असेल तिथं ते मिळतं. अर्धवट जाळून काळं केलेलं असेल तर उत्तमच. ते नसेल तर जाड वाळू. कुंडी बारा इंची पुरे. तळाची भोकं मोकळी आहेत ना ते खालून काडी घालून बघा आणि पावसाळाभर कुंडीखालची बशी काढून ठेवा.

पाणी कधी घालायचं याचा घरगुती मापदंड म्हणजे कुंडीचं वजन. पाणी घातल्यावर एकदा उचलून बघा, वाळल्यावर एकदा उचलून बघा. नंतर हातालाच कळतं. जुलैत आत ठेवलेल्या छाटलेल्या मिरचीला कधी कधी आठवडाभर पाणी लागत नाही. खत तर मुळीच नको, नव्या फांद्यांना पाच-सहा पानं येईपर्यंत.

जागाही बघा. पावसाचा मारा आपल्याकडं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेची गॅलरी किंवा खिडकी उत्तम. बरेच जण कुंडी पत्र्याच्या वळचणीखाली ठेवतात आणि "छपराखालीच आहे की" म्हणतात. वळचणीची धार उघड्यावरच्या पावसापेक्षा वाईट, कारण सगळ्या पत्र्याचं पाणी त्या एका रेषेत पडतं. कुंडी भिंतीकडं दोन हात आत सरकवा.

पालवी फुटली, पण पानं गोळा झाली

हा बोकड्या, चुरडा-मुरडा. इथं लोक दुकानात जाऊन "बोकड्यावर औषध द्या" म्हणतात आणि जे मिळेल ते मारतात. पण पान मुरडण्यामागं तीन वेगवेगळे गुन्हेगार असतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. पान हातात घेऊन नीट बघितल्याशिवाय काहीही फवारू नका.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल आणि खालून चंदेरी-तपकिरी ओरखडे दिसत असतील, तर फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारा, बारीक पिवळसर कणासारखे किडे चालताना दिसतील. फुलं असतील तर फुलांतही बघा. २०२१ च्या सुमारास आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं ज्यानं मोठं नुकसान केलं तो काळा फुलकिडा फुलातच जास्त राहतो.

होडी उलटी पालथी, म्हणजे कडा खाली वळलेल्या, पान अरुंद, जाडसर, गडद हिरवं आणि देठ लांबलेला, असं दिसलं तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव. हा साध्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. छाटलेल्या आणि आत ठेवलेल्या झाडांवर मला सर्वात जास्त हाच आढळतो. कारण सरळ आहे: त्याला कोवळी पालवी, दमट हवा आणि सावली हवी असते, आणि आपण नेमकं तेच तिघं एकत्र आणून देतो. उघड्यावर पावसाचे टपोरे थेंब शेंडे धुऊन काढतात, आत ते होत नाही. शिवाय पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून तो एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर जातो.

तिसरा प्रकार विषाणूचा. पान आखडतं, सुरकुततं, शिरा जाड किंवा फिकट दिसतात, दोन पानांमधलं अंतर कमी होऊन शेंडा झुडुपासारखा गच्च होतो, झाडाची उंचीच खुंटते. हा पांढऱ्या माशीवाटे येतो. झाड हलवल्यावर पांढरे पिटुकले किडे भुर्रकन उडाले तर संशय पक्का धरा.

फुलकिड्यांवर आणि पांढऱ्या माशीवर सुरुवातीला निंबोळी अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा आणि एक लिटर करा. हा पाच टक्के अर्क झाला. चमचाभर सौम्य द्रव साबण घातला की पानाला चिकटतो. तयार नीमतेल असेल तर लिटरला पाच मिली, साबणासह. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं, शेंडा चिंब होईपर्यंत. सात दिवसांनी पुन्हा, त्यानंतर सात दिवसांनी आणखी एकदा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे कुंडीत शेंड्याच्या उंचीला लावले तर किडे किती आहेत ते रोज दिसतं.

कोळ्यावर नीमतेलापेक्षा गंधक चांगलं. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक कृषी सेवा केंद्रात मिळतं, लिटरला दोन ग्रॅम. पण नीमतेल मारल्यावर दोन आठवडे गंधक मारू नका, आणि गंधकानंतर दोन आठवडे तेल नको. दोन्ही एकत्र आली की कोवळी पानं भाजतात. कडक उन्हातही गंधक टाळा. सगळ्यात वेडावाकडा झालेला शेंडा आधी खुडून पिशवीत बंद करून टाकायचा, मगच फवारायचं. एकदा मुरडलेलं पान परत सरळ होत नाही, त्यामुळं जुन्या पानांकडं बघून "गुण आला नाही" म्हणू नका. त्यानंतर येणारी दोन-तीन पानं कशी येतात ते बघा.

शेतात वापरतात ती जालीम कीटकनाशकं घरातल्या कुंडीवर वापरू नयेत, असं मी कळकळीनं सांगते. बंद गॅलरी, बाजूला वाळत घातलेले कपडे, घरात लहान मुलं, आणि तीच मिरची उद्या ठेच्यात जाणार. चार कुंड्यांसाठी ती जोखीम घ्यायचं काही कारण नाही.

विषाणूवर मात्र औषध नाही. छाटणीनंही तो जात नाही, कारण तो झाडाच्या रसात सगळीकडं पसरलेला असतो. छाटल्यावर येणारी पालवी पहिल्या आठवड्यात चांगली दिसते आणि माणसाला आशा लागते, मग पुन्हा तेच. असं झाड वर्षभर सांभाळणं म्हणजे शेजारच्या नव्या रोपांना रोगाचं कोठार उघडून देणं. म्हणून मेमध्ये कात्री हातात घेण्याआधीच निवड करा: आखडलेलं झाड छाटायचंच नाही, उपटायचं. ज्वाला या नेहमीच्या जातीची रोपं पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याही रोपवाटिकेत थोडक्या पैशांत मिळतात. तिच्यासाठी एवढा जीव टाकायला नको. ज्या झाडाचं बी पुन्हा मिळणार नाही, परड्यातली जुनी लवंगी, गडहिंग्लजकडून कुणी हौसेनं आणून दिलेली घरच्या बियाण्याची संकेश्वरी, किंवा पिकायला फार दिवस घेणारी भूत जोलोकिया, त्यांच्यासाठी हे कष्ट सार्थकी लागतात.

बारीकसारीक

फांद्या लांब, पिवळट, खिडकीकडं झुकलेल्या: उजेड कमी पडतोय. जुलैच्या अंधारात पांढरा एलईडी शेंड्यापासून वीतभर उंचीवर बारा तास लावा, किंवा ढग उघडतील त्या दिवशी कुंडी बाहेर काढा. खतानं हे बरं होत नाही.

पानाच्या खालच्या बाजूला बारीक पाणीदार फोड, नंतर खरखरीत खवले: रोग नाही. मुळांनी घेतलेलं पाणी दमट हवेत पानातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून पेशी फुटतात. पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा. टेबलफॅन दूरवरून मंद लावला तरी फरक पडतो.

मातीवर घोंगावणारी काळी चिलटं: माती सतत ओली असल्याची खूण. वरचा थर कोरडा होऊ द्या, त्यावर बोटभर जाड वाळू पसरा.

पानांवर खालून पांढरी पूड, वरून पिवळे डाग: भुरी. ही पावसाळ्यात कमी, थंडीच्या कोरड्या दिवसांत जास्त. त्यावरही तेच गंधक चालतं.

गौरी-गणपतीनंतर

पाऊस उघडीप देऊ लागला की झाड बाहेर काढायचं, पण एकदम भादव्याच्या कडक उन्हात नाही. पहिले दोन-तीन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत आठवड्याभरात पूर्ण उन्हात. सावलीत फुटलेली पानं थेट उन्हात पांढरी पडून करपतात. याच वेळी वरची दोन-तीन इंच माती काढून ताजं गांडूळखत भरा. कुंडीत मुळं गच्च झाली असतील तर आताच गड्ड्याच्या कडेची मुळं हलकी छाटून नव्या मिश्रणात बसवा. लांबलेले शेंडे खुडा, बाजूच्या फांद्या फुटतील. युरिया नको. पानांचा डोलारा होतो आणि फुलं गळतात. गॅलरी बंद असेल, वारा आणि मधमाश्या येत नसतील, तर सकाळी फुललेल्या फांदीला बोटानं हलकी टिचकी द्या. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळ धरतं, त्याला फक्त हलायला हवं. मुळं शाबूत असलेलं जुनं झाड नव्या रोपाच्या बरंच आधी फुलावर येतं आणि दिवाळीच्या सुमारास हिरव्या मिरच्या देऊ लागतं.

मेअखेरीची वेळ हुकली असेल आणि आता जुलै चालू असेल, तर छाटू नका. फक्त सडलेल्या, वाळलेल्या फांद्या कोरड्या दिवशी काढा, झाड आडोशाला घ्या, पाणी आवरा. मोठी छाटणी सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस थांबल्यावर करा. मिरच्या महिना-दीड महिना उशिरा लागतील, एवढंच.

आणि उपटलेल्या रोगट झाडाची माती पुन्हा मिरचीला वापरू नका. वांगी, टोमॅटो, बटाटा हीही त्याच कुळातली, त्यांनाही नाही. ती माती मेथी-कोथिंबिरीला किंवा झेंडूला घाला, कुंडी साबणाच्या पाण्यानं घासून दोन दिवस उन्हात पालथी ठेवा, मगच तिच्यात नवं रोप लावा.